सत्तावीस पावलं

“बूट काढून? बूट काढून कसं वाजवायचं गं पोरी?”

हिंदुराव मास्तरांनी स्टुडिओच्या दारातच हा प्रश्न टाकला आणि त्यांच्या मागं जिन्यावर उभी असलेली अख्खी पार्टी थांबली. चौदा माणसं. चौदाही जणांच्या अंगात लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालरी, डोक्यावर तुऱ्याच्या टोप्या. कराडहून पहाटे निघून दोन जीपगाड्यांत कोंबून ते तसेच आले होते. मी फोनवर दोनदा सांगितलं होतं, रेकॉर्डिंगला कुणी बघायला येत नाही, साध्या कपड्यांत या. त्यावर मास्तरांचं उत्तर एकच होतं : “ड्रेसशिवाय वारं फुंकलं जात न्हाई.”

“मास्तर, आत लाकडी जमीन आहे. बुटांचा आवाज माइकमध्ये येतो.”

“यायलाच पायजे की! पाय वाजला न्हाई तर ताल कशावर धरायचा?”

“हेडफोनमध्ये टिकटिक ऐकू येईल. तिच्यावर.”

मास्तर मागं वळले. “ऐकलं का रं? घड्याळाच्या वरातीला आलोय आपण.”

जिना हशानं भरला. सगळ्यात मागं, जिन्याच्या वळणावर आबा, माझे वडील, होते. ते मला दिसत नव्हते, त्यांच्या बासाचं तोंड तेवढं दिसत होतं. खांद्यावरून अंगाभोवती घालायचं ते अवजड पितळी वाद्य, त्याचं परातीएवढं तोंड डोक्याच्या वर. लहानपणापासून मला आबांच्या आधी त्यांचा बास दिसायचा. आज तो वळणावर कठड्यात अडकला होता.

“ती म्हणती तर काढा की,” वळणावरून आबांचा आवाज आला. “तिच्या घरात आलोय आपण.”

मग बासातून कसेबसे बाहेर पडून आबांनी सगळ्यांच्या आधी बूट काढले आणि जोडीनं भिंतीला लावून ठेवले. पायांत कोरे मोजे होते, अजून घडी न मोडलेले. म्हणजे बूट काढावे लागणार हे त्यांनी फोनवरच ऐकून घेतलं होतं आणि मास्तरांना सांगितलं नव्हतं.

मी पुण्यातल्या त्या स्टुडिओत आठ वर्षं मिक्सिंगचं काम करत होते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खोल्यांत वाजवलेली वाद्यं एकत्र आणायची आणि ती एकाच वेळी एकाच जागी वाजली असं ऐकणाऱ्याला वाटायला लावायचं, असं ते काम. संगीतकार राजवाडे सर एका सिनेमाचं गाणं करत होते. गावातली वरात, नाचणारी माणसं आणि मागं बँड. आधी त्यांनी कीबोर्डवर पितळी वाद्यं वाजवून पाहिली. ऐकून स्वतःच म्हणाले, “ही प्लास्टिकची फुलं आहेत. मला खरा बँड पाहिजे, रस्त्यावरचा. आहे का कुणाच्या ओळखीत?”

“माझे वडील बँडमध्ये आहेत,” मी म्हणाले. “कृष्णाकाठ ब्रास बँड, कराड.”

आठ वर्षांत त्या इमारतीत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं होतं. मी काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आबांना फोन केला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे वाजवून झाल्यावर ते ऱ्हानार?”

“राहणार म्हणजे?”

“न्हवं, रस्त्यावर वाजतं आन् रस्त्यावरच संपतं. हे ऱ्हानार व्हय?”

“राहणार आबा.”

“मग येतो.”

चाळीस वर्षं त्यांनी बास वाजवला होता आणि त्यातला एक सूरही कुठं साठवलेला नव्हता. त्या शनिवारी पणाला काय लागलं होतं म्हणाल, तर एवढंच.

पहिला तास गोंधळात गेला. टोपीवर हेडफोन बसेना आणि टोपी काढायला कुणी तयार होईना. एका जागी उभं राहून तर कुणालाच वाजवता येईना. मी “स्टार्ट” म्हटलं की तिन्ही ट्रंपेटवाले सवयीनं दोन पावलं पुढं जायचे आणि माइक त्यांच्या मागं राहायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मास्तरांनीच तोड काढली. “जाग्यावर चाला रं! फुडं सागर हाय समजा, जायला जागा न्हाई.” मग ते जागच्या जागी पावलं टाकू लागले, मोज्यांतून, आवाज न करता. पहिला सूर लागला आणि काचेच्या अलीकडे राजवाडे सर खुर्चीवरून उठले.

“अगं, हे काय आहे!” ते म्हणाले. “हे पितळ हसतंय!”

खरंच हसत होतं. तीन ट्रंपेट तीन स्वभावांचे. मास्तरांचा धारदार, मधला जरा नाकात बोलणारा, तिसरा दोघांच्या मध्ये पडणारा. युफोनियम, म्हणजे बासाचं धाकटं भावंड, वाजवणारे रमजानभाई पोटातून असा सूर काढायचे की ट्रंपेटची भांडणं आपोआप मिटायची. मी फेडरवर, आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्यांवर, बोटं ठेवून बसले होते. हे सूर मी आमच्या गल्लीत हजार वेळा ऐकले होते. एकेक सुटा, स्वच्छ, जवळून मात्र कधीच ऐकला नव्हता.

काचेपलीकडच्या माणसाशी बोलायला आमच्याकडं टॉकबॅकचं बटण असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि आपला आवाज त्यांच्या कानात जातो. मी बटण दाबून म्हणाले, “ट्रंपेट, ओके.”

आत जल्लोष झाला. रमजानभाईंचं झालं. “युफोनियम, ओके.” ते माइकलाच सलाम करून बाहेर आले. “बी.ए. झालेल्या पोरीनं ओके दिलंय,” ते सगळ्यांना सांगू लागले. “आता कुण्या नवऱ्याच्या मामाचं ऐकून घेणार न्हाई.” चहा येईपर्यंत तो शब्द अख्ख्या पार्टीनं उचलला होता. चहा ओके. बिस्कुट ओके. मास्तरांची टोपी पंख्याच्या वाऱ्यानं उडाली तर रमजानभाई ओरडले, “टोपी नॉट ओके!”

आबा कोपऱ्यात बसून बासाच्या चाव्यांना तेल देत होते आणि हसत होते. त्यांचा नंबर शेवटचा होता. तो नेहमीच शेवटचा असायचा.

बासासाठी काचेपलीकडची लहान खोली ठेवली होती. आबा आत गेले आणि खोली भरून गेली. लाल कोट, पितळ आणि वर ते परातीएवढं तोंड. कानांत हेडफोन. बाकीची पार्टी माझ्या मागं सोफ्यावर आणि जमिनीवर दाटीनं बसली.

वाजायला लागलं. राजवाडे सरांनी चौथ्या ओळीला मान वाकडी केली. “बास धावतोय.”

मी पडद्यावर पाहिलं. प्रत्येक सूर टिकटिकीच्या रेषेच्या किंचित आधी पडत होता. बटण दाबलं. “आबा, थोडं लवकर येतंय. टिकटिकीबरोबर या.”

“बरं.”

पुन्हा तेच.

“आबा, टिकटिक ऐकू येते ना?”

“येती की.”

“मग तुम्ही तिच्या आधी का येताय?”

काचेपलीकडं त्यांनी कानावरचा हेडफोन चाचपला. मग माइकमध्ये म्हणाले, “ती हितंच हाय, मॅडम. कानात. म्होरं न्हाई.”

‘मॅडम’वर माझ्या मागं सोफा हादरला. मलाही हसू आलं. त्यांना टिकटिक म्हणजे काय ते कळलेलं नाही, असं मला वाटलं. मी माझ्या स्टुडिओतल्या नीटस भाषेत पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तिसऱ्यांदाही तसंच वाजवलं, केसभर आधी, अगदी शांतपणे.

“राहू दे,” राजवाडे सर हळूच म्हणाले. “नंतर कॉम्प्युटरवर सरळ कर.”

आबा आतून बघत होते. “ओके का?”

मी बटण दाबलं. “बघते नंतर.”

दुपारी त्यांनी आणलेली भाकरी आणि खर्डा खाल्ला. पार्टी गच्चीवर आडवी झाली तेवढ्या वेळात मी गाण्याच्या पहिल्या भागातला बास सरळ केला. एकेक सूर धरायचा आणि रेषेवर आणून ठेवायचा. मग सगळ्यांना बोलावून मोठ्या स्पीकरवर लावलं. स्वतःचं वाजवणं पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मास्तर डोळे मिटून बोटांनी हवेतल्या चाव्या दाबत होते. रमजानभाई दर दोन ओळींनी कुणाच्या तरी दंडाला धरून सांगत होते, “हे मी. आता मी.”

आबा जमिनीकडं बघत ऐकत होते. त्यांचा मोज्यातला पाय उचलला जायचा आणि टेकायचा नाही.

“ब्येस झालंय,” ते म्हणाले. “ह्यो बास कोन वाजवतंय?”

“तुम्हीच की आबा.”

“व्हय?” ते हसले. “मग सुधारलोय म्हनायचं.”

सगळे हसले. मीही.

चार वाजता गाड्या निघाल्या. आबा दुसऱ्या जीपमध्ये मागच्या बाकावर, बास मांडीवर आडवा. खिडकीतून हात काढून त्यांनी मला जवळ बोलावलं. “आमचं तेवढं ऱ्हायलं.”

“काय?”

“ओके.”

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. “अहो आबा, पोचलात की फोन करा,” मी म्हणाले, आणि जीप वळली.

फोन आला. “पोचलो. जेवलीस का?” एवढाच.

पुढचे चार दिवस मी त्या गाण्यात होते. पितळ मिसळणं अवघड असतं. ट्रंपेट पुढं येऊन दार अडवतात, त्यांना मागं सारलं तर रुसतात. युफोनियम जरा वर घेतलं की सगळं मऊ पडतं. बुधवारी दुपारपर्यंत मला ते जमलं होतं. सगळी वाद्यं सरळ, सगळी रेषेवर, एकही सूर इकडंतिकडं नाही. बासाचे दोनशे चौदा सूर मी एकेक करून जागेवर बसवले होते.

राजवाडे सरांनी ऐकलं. “सुंदर. आता हे रस्त्यावर आण. पडद्यावर नाचणारे आपल्या जवळ आहेत, बँड त्यांच्या मागं. ट्रंपेट पहिल्या रांगेत, बास सगळ्यात शेवटी, लांब. ते अंतर मला ऐकू आलं पाहिजे.”

अंतर ऐकू यायला आवाज नुसता बारीक करून भागत नाही. लांबचा आवाज उशिरा येतो. कॉम्प्युटरला सांगितलं की तो तेवढा उशीर लावतो. मी रांगा लावल्या. ट्रंपेट दोन मीटरवर, युफोनियम आठवर, बास वीसवर. आणि लावून बघितलं.

वरात बसली. मला दुसरा शब्द सुचत नाही. सगळे सूर होते, पण गाणं चालत नव्हतं, चिखलातून पाय उपसत होतं. बास मागून ओढत होता. त्याला जवळ आणलं की ओढणं थांबायचं, पण मग तो रस्त्यावर राहायचा नाही, कपाटात बसून वाजवल्यासारखा यायचा. मी दोन तास मागंपुढं केलं.

“बास बदलू या,” शेवटी राजवाडे सर म्हणाले. आवाज चांगुलपणाचा होता. “सोमवारी आपला माणूस येईल, कीबोर्डवर नीट वाजवेल. बँडच्या यादीत वडिलांचं नाव ठेवू, त्याची काळजी करू नकोस.”

“मला एक दिवस द्या.”

“सोमवारपर्यंत घे.”

गुरुवारी सकाळी दहाला मास्तरांचा फोन आला. “कांचन,” ते म्हणाले आणि थांबले. मास्तर कधी थांबत नाहीत. “तू निघ.”

आबा उंबऱ्यावर बसून बास पुसत होते. पुसता पुसता भिंतीला टेकले. शेजारच्यांना वाटलं, डुलकी लागली.

मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. सगळी तयारी झाली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, मला भाऊ नाही. विस्तवाचं मडकं कुणी धरायचं यावर चुलतघराण्यात कुजबुज चालली होती. ती मास्तरांनी संपवली. “लेक हाय की,” ते म्हणाले आणि माझ्यापुढं मडकं धरलं. पार्टी लाल कोटांत उभी होती. टोप्या मात्र कुणाच्या डोक्यावर नव्हत्या.

“मास्तर, तुम्ही पुढं लागा,” कुणीतरी म्हणालं. “बँड पुढं असतो.”

“आज न्हाई. चाळीस वर्सं तात्या सगळ्यांच्या मागनं चालला. आज त्यो म्होरं. आमी मागनं येतो.” पार्टीत आबांना सगळे तात्या म्हणत.

अशी आमची रांग लागली. वरातीत जिथं नाचणारी पोरं असतात तिथं आबा, त्यांच्या पुढं मी, आणि मागं कृष्णाकाठ ब्रास बँड. आबांचा बास तानाजीच्या खांद्यावर होता. तिशीतला माणूस, आबांनीच शिकवलेला. मास्तरांनी संथ चालीचं भजन धरलं आणि आम्ही संगमाच्या रस्त्याला लागलो.

मी बँडच्या पुढून आयुष्यात कधी चालले नव्हते. लहानपणी मागून चालायचे, आबांच्या शेजारून, त्यांच्या कोटाचं टोक धरून. पुढून ऐकताना सगळंच वेगळं होतं. आणि काहीतरी चुकत होतं. आधी मला वाटलं, आपलंच चित्त थाऱ्यावर नाही. पण पाऊल पडायचं, ट्रंपेट पडायचा आणि मग, जरा थांबून, मागून बास यायचा. पाऊल. मग बास. पाऊल. मग बास. माणसं हळू हळू रेंगाळायला लागली. खांदेकऱ्यांची पावलं चुकू लागली.

चिखलातून पाय उपसत होतं ते. बुधवारचंच.

“बास वढतोय!” मागून मास्तर ओरडले. “तान्या, म्होरं टाक!”

“तालावरच हाय की मास्तर!”

“तुज्या तालावर हाय! म्होरच्याच्या कानानं टाक! तात्या कसा टाकायचा?”

मी कान मागं लावून चालत राहिले.

नदीच्या उतारालगत विसाव्याची जागा आहे. तिथं तिरडी खाली टेकवतात, खांदेपालट होतो. आबांना खाली ठेवलं आणि मी मागं वळले.

“मागं बघू नगंस गं!” आत्या ओरडली. “मडकं हाय हातात!”

मडकं हातात घेऊनच मी निघाले. एक, दोन, तीन. तिरडीच्या कडेनं, खांदेकऱ्यांमधून, ट्रंपेटच्या रांगेतून. लोक बाजूला होत होते. पोरीचं डोकं फिरलं, असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. सोळा, सतरा. रमजानभाई. तेवीस, चोवीस. मी तानाजीसमोर थांबले. सत्तावीस पावलं.

“मास्तर,” मी म्हणाले, “आबा बास पुढं टाकायचे?”

“मग!” मास्तर धापा टाकत माझ्या मागं आले होते. “हितं वाजवलं की तितं पोचायला त्येला येळ लागतोय. नाचनाऱ्याच्या पायात पडला पायजे बास, वाजवनाऱ्याच्या कानात न्हाई. म्हनून मागच्यानं तेवढा आधी टाकायचा. ह्ये तान्या सोताला ऐकू येतंय तसं वाजवतंय. तुझा बा दुसऱ्याच्या पायात वाजवायचा.”

“नेहमी एवढाच आधी?”

“सडकंवर एवढाच. गल्लीत वरात आवळली की कमी. तुज्या त्या काचेच्या डब्यात बसिवला तवाबी त्येनं सडकच धरली असंल डोळ्यांम्होरं. दुसरं काय वाजवनार त्यो?”

सत्तावीस पावलं म्हणजे वीस मीटर. सेकंदाला आवाज तीनशे चाळीस मीटर जातो. हे गणित मी साउंड इंजिनिअरिंगच्या परीक्षेत लिहून पहिली आले होते. वीस मीटरला किती वेळ? सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले अठ्ठावन्न आणि थोडे वर.

अठ्ठावन्न! तो आकडा मला तोंडपाठ होता. आबांचा प्रत्येक सूर ओढून रेषेवर आणताना तो पडद्याच्या कोपऱ्यात उमटायचा. अठ्ठावन्न. एकोणसाठ. अठ्ठावन्न. घाई करणारा माणूस कधी जास्त घाई करतो, कधी कमी. दोनशे चौदा वेळा सारखाच आधी येणारा माणूस घाई करत नसतो. मी तो आकडा दोनशे चौदा वेळा पाहिला होता आणि दोनशे चौदा वेळा पुसला होता.

मी उभी होते तिथं धूर डोळ्यांत जात होता. समोर आबा होते. आणि मला काय वाटत होतं ते मी आज बारा वर्षांनी पहिल्यांदा सांगते आहे : माझी छाती आनंदानं धडधडत होती. मला पळत पुण्याला जायचं होतं. त्यांना आधी हलवून सांगायचं होतं, आबा, सापडलं, आणि मग पळायचं होतं.

“तानाजी,” मी म्हणाले, “माझ्या हाताकडं बघ. माझा पाय टेकायच्या आधी टाक.”

“किती आधी, ताई?”

“मी सांगते.”

पुढं जाऊन मी चालू लागले. मडकं एका हातात धरलं आणि दुसरा हात उंच करून मागं खूण करत राहिले. अजून आधी. अजून. आणि उतार संपायच्या आत एकदा माझं पाऊल पडलं आणि बास नेमका त्याच्याखाली येऊन पडला. सगळ्यांची पावलं एकदम एक झाली. खांदेकरी सरळ झाले. मागून मास्तरांचा आवाज आला, भजनाच्या मध्येच, “हां! आला! तात्या आला!”

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सावडणं झालं आणि मी रविवारी सकाळी पुण्याला निघाले.

“सुतकात कामाला जातीस?” आत्या म्हणाली.

“बापाचंच काम हाय,” मास्तर म्हणाले. “जाऊ द्या तिला.”

स्टुडिओ बंद होता, किल्ली माझ्याकडं होती. दारातच बूट काढले. मशीन सुरू करून बासाची पट्टी उघडली. मी सरकवलेला प्रत्येक सूर मूळच्या जागी अजून शाबूत होता, कॉम्प्युटर काही फेकून देत नाही. एकच आज्ञा द्यावी लागली आणि दोनशे चौदा सूर एकदम उठून आपापल्या घरी गेले, रेषेच्या आधी, सारखे अंतर ठेवून. एखादी पलटण सरकावी तसे. मग बास वीस मीटरवर नेऊन ठेवला आणि बटण दाबलं.

पहिल्या दोन ओळी ट्रंपेट. मग युफोनियम. मग लांबून, रस्त्याच्या टोकाकडून, बास निघाला आणि बरोब्बर माझ्या पायात येऊन पडला.

वरात उठली. मीही उठले. मोज्यांतले माझे पाय लाकडी जमिनीवर जागच्या जागी पडायला लागले. फुडं सागर हाय समजा. मी ते गाणं नऊ वेळा लावलं आणि नऊही वेळा उभ्यानं ऐकलं. ट्रंपेट आता दार अडवत नव्हते. मागून कुणीतरी भक्कम चालत येत असलं की पुढच्यांना भांडायचं कारण उरत नाही. चार दिवस मी ज्या मिश्रणासाठी झटत होते, ते त्या एका माणसानं सगळ्यात मागं राहून आधीच करून ठेवलं होतं.

सोमवारी राजवाडे सर कीबोर्डवाल्याला घेऊन आले. आबांचं त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तू आज यायला नको होतंस.”

“आधी ऐका,” मी म्हणाले.

पहिल्या कडव्यातच त्यांची बोटं टेबलावर वाजायला लागली. दुसऱ्या कडव्याला कीबोर्डवाल्याचा पाय. गाणं संपलं तरी दोघं तसेच उभे.

“हा बास कुणी वाजवला?” राजवाडे सर म्हणाले. “आपला माणूस तर हा इथं उभा आहे.”

“त्या शनिवारचाच आहे, सर.”

“तू काय केलंस?”

“काही नाही. मी केलेलं काढून टाकलं.”

त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग कीबोर्डवाल्याला म्हणाले, “चल, तुला चहा पाजतो. इथं आपलं काही काम नाही.” दारातून मला म्हणाले, “हेच ठेव. याला आता हात लावू नकोस.”

ते गेल्यावर खोली शांत झाली. काचेपलीकडची लहान खोली रेकॉर्डिंगच्या शनिवारी होती तशीच होती. बासाच्या तोंडाच्या उंचीवर वर चढवलेला माइक. त्याच्याखाली खुर्ची, आबांनी ती वाजवायला जागा व्हावी म्हणून भिंतीकडं सरकवलेली. खुंटीवर हेडफोन.

मी टॉकबॅकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्या खोलीत मी नेहमी नीटस भाषेत बोलत आले होते. त्या दिवशी नाही बोलले.

“आबा,” मी म्हणाले, “बास ओके हाय.”